फायबरच्या जुन्या होडीची दुरुस्ती : हिवाळी कार्यशाळेतील एक धडा

कोकणच्या किनाऱ्यावर होडीची डागडुजी म्हटली की डोळ्यांसमोर पावसाळाच उभा राहतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना सागरी मासेमारीची मनाई असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्या पुन्हा पाण्यात जाण्यायोग्य व्हाव्यात म्हणून सुतारांची लगबग चाललेली असते. ही रीत लाकडी होडीने घालून दिली. दमट हवेत फळी आकसत नाही, सांधे उघडत नाहीत आणि सांध्यांत ठासलेला कापूस पाण्यात उतरताच फुगून गळती थांबवतो. पावसाळी सुट्टी आणि लाकडाचा स्वभाव यांचे असे सख्य होते. पुढे अनेक गावांत लहान होड्यांसाठी लाकडाच्या जागी फायबर आले, पण दुरुस्तीचे वेळापत्रक मात्र पूर्वीचेच राहिले. या वेळापत्रकापायी चांगल्या होड्या कशा वाया जातात आणि एक होडी हिवाळ्यातील कार्यशाळेत पुन्हा कशी उभी राहिली, याची हकीकत शिक्षक, पंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. आरंभीच सांगितले पाहिजे की, प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध शालान्त परीक्षेपुरताच आला. जे पाहिले आणि जाणकारांकडून समजून घेतले, तेच येथे मांडले आहे.

ऑगस्टमधील अपयश

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावी उंडीच्या झाडाखाली २२ फूट लांबीची एक फायबरची होडी सहा पावसाळे उपडी पडून होती. तिचे मालक वयोवृद्ध तांडेल. मुलगा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाई, कारण घरची होडी गळत होती आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती. गावातील माध्यमिक विद्यालयाच्या तंत्र विभागाच्या शिक्षकांनी ही होडी प्रकल्प म्हणून दुरुस्त करण्याचे मनावर घेतले आणि रूढीप्रमाणे ऑगस्ट २०२३ मध्ये, पावसाची उघडीप पाहून, तळाच्या दोन भेगांवर काचतंतूंची मॅट व रेझीन यांचे थर चढविले.

हे थर धड वाळलेच नाहीत. बोट लावले की चिकटत. त्यांचा रंग पारदर्शक राहण्याऐवजी पाणी घातलेल्या दुधासारखा झाला. ऑक्टोबरमध्ये शिक्षकांनी पाहिले तेव्हा ठिगळाची कड नखाने उचलता येत होती आणि ओढताच अख्खे ठिगळ झाडाच्या सालीसारखे निघून आले.

पहिला संशय साहजिकच मालावर आला. रेझीनमध्ये भेसळ असावी, असे शिक्षकांना वाटले. परंतु डब्यात थोडे रेझीन शिल्लक होते. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी त्यांनी ते प्रयोगशाळेत योग्य मापाने कालवून पेल्यात ठेवले. तासाभरात ते दगडासारखे घट्ट झाले. माल चांगला होता. हे ऐकल्यावर वृद्ध तांडेल म्हणाले, "गुरुजी, माझ्या वडिलांच्या होडीला आम्ही पावसातच कापूस भरायचो. पण ते लाकूड होतं. ही बाई वेगळ्या जातीची आहे."

ती वेगळ्या जातीची आहे म्हणजे काय, हे समजून घेणे हाच या प्रकल्पातील पहिला धडा ठरला.

फायबर म्हणजे काय

ज्याला आपण फायबर म्हणतो ते दोन पदार्थांचे मिश्रण आहे. काचेचे केसासारखे बारीक तंतू बळ देतात आणि पॉलिस्टर रेझीन त्या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. तंतू दोन रूपांत मिळतात. आखूड तुकडे इतस्ततः पसरून बनविलेली मॅट, आणि जाड धाग्यांचे विणलेले रोविंग. बाहेरच्या गुळगुळीत, रंगीत थराला जेलकोट म्हणतात. काँक्रीटमध्ये सळई आणि सिमेंट यांचे जे नाते, तेच येथे काचतंतू आणि रेझीन यांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत या पदार्थाच्या नौका प्रथम बनल्या. आपल्याकडे अन्न व कृषी संघटनेच्या 'बे ऑफ बेंगॉल प्रोग्रॅम' या प्रकल्पाने १९७९ नंतर पूर्व किनाऱ्यावर लाटांतून किनाऱ्याला लागू शकणाऱ्या फायबरच्या होड्यांचे प्रयोग केले, तर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी नौकांवर फायबरचे आवरण चढविण्याविषयी अभ्यास केला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाकडी कट्टुमरमांची जागा फायबरच्या होड्यांनी फार मोठ्या प्रमाणावर घेतली. आपल्याकडे हा बदल सावकाश झाला. मोठ्या नौका बऱ्याच काळापर्यंत लाकडीच राहिल्या. पण खाडीत व किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्याला हलकी, न कुजणारी, वर्षाला तेलपाणी न मागणारी होडी सोयीची वाटली. साग, ऐन, फणस यांचे चांगले लाकूड महाग होत गेले, हेही त्याचे कारण.

रेझीन वाळते असे आपण म्हणतो, परंतु ते रंगासारखे वाळत नाही. रंगातील द्रव उडून जातो. रेझीनमध्ये हार्डनर मिसळल्यावर त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात व द्रवाचा घन होतो. ही रासायनिक क्रिया असल्याने तिला स्वतःचे हवामान लागते. तापमान १५ अंशांच्या खाली गेले की क्रिया मंदावते; हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की तंतूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि रेझीन तंतूला धरण्याऐवजी त्या ओलाव्यावर तरंगते. दुधाळ रंग ही त्याचीच खूण. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत मॅटची गुंडाळीसुद्धा खोलीतील हवेतून ओलावा शोषून घेते. ऑगस्टमधील ठिगळ तीन बाजूंनी ओले होते. होडी ओली, हवा ओली आणि मॅटही ओली.

थंड देशांत होड्या हिवाळ्यात किनाऱ्यावर येतात आणि दुरुस्तीसाठी बंदिस्त शेड तापवावी लागते. आपला हिवाळा मात्र या कामासाठीच घडविला असावा असा. कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेचे तापमान विशीच्या आसपास व दुपारचे तिशीच्या पुढेमागे असते, आणि दुपारी हवा बरीच कोरडी असते. अडचण एकच, की हा मासेमारीचा भर हंगाम असतो व चालती होडी या वेळी कोणी थांबवणार नाही. परंतु जी होडी सहा वर्षे बंदच आहे तिला हंगाम कसला? पडून राहिलेल्या होडीचे मोठे काम हिवाळ्यात घ्यावे आणि चालत्या होडीची किरकोळ डागडुजी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, सावलीत सकाळच्या वेळी उरकावी, असा साधा नियम यातून निघतो. जुलै मात्र टाळावा. दुरुस्तीसाठी कर्ज वा साहाय्य देताना हा फरक ध्यानात घेतला गेला नाही, तर पैसा वेळेवर देऊनही तो चुकीच्या ऋतूत खर्च होईल.

होडीची तपासणी

दिवाळीनंतर होडी तंत्र विभागाच्या पडवीत आणली गेली. प्रथम तिचा नोंदणी क्रमांक वहीत टिपून घेतला व त्याचे छायाचित्र काढले. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण घासकामात क्रमांक पुसला जातो, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेच्या दृष्टीने नौकेच्या ओळखीला जे महत्त्व आले आहे ते लक्षात घेता, विनाक्रमांक होडी पाण्यात उतरविणे मालकाला अडचणीत टाकणारे ठरते.

मग गोड्या पाण्याने होडी धुतली. एकदा नव्हे, आठवडाभर रोज. फायबरच्या अंगात खारे पाणी व त्यात विरघळणारी द्रव्ये मुरलेली असतात आणि ती बाहेरचा ओलावा सतत आत ओढत राहतात. तळावर जागोजागी रुपयाएवढे फोड आले होते. एक फोड फोडला तेव्हा त्यातून आंबूस, शिरक्यासारख्या वासाचे पाणी निघाले. वरून जेलकोट शाबूत दिसला तरी आत पाणी शिरल्याची ही साक्ष होय.

तपासणीचे मुख्य साधन म्हणजे एक लहान हातोडी. विद्यार्थ्यांनी होडीच्या अंगावर खडूने वीतभर लांबी-रुंदीचे चौकोन आखले व प्रत्येक चौकोनात हलक्या हाताने ठोकून आवाज ऐकला. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील तेथे तो बद्द येतो. बद्द चौकोन लाल खडूने भरले आणि संपूर्ण होडीचा नकाशा आलेखाच्या कागदावर उतरविला. नकाशा तयार झाल्यावर जे दिसले ते भेगांपेक्षा अधिक बोलके होते. लाल चौकोन तळाच्या मधल्या पट्ट्यात, जेथे होडी वाळूवरून ओढताना घासते, आणि मागच्या आडव्या भिंतीत, जेथे इंजिन टांगलेले असते, तेथे गर्दी करून होते. ऑगस्टमध्ये ज्या दोन भेगा बुजवायला घेतल्या होत्या, त्या खरा रोग नव्हत्याच.

मागच्या भिंतीला आतून एक बारीक भोक पाडले. गिरमिटाबरोबर पांढरा भुसा यायला हवा होता. आला काळा, मऊ, ओला चिखल. दोन फायबर थरांमधील प्लायवूड पूर्ण कुजले होते. इंजिनाचे बोल्ट बसविताना पाडलेल्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी आत झिरपले होते. फायबर कुजत नाही हे खरे. पण फायबरच्या पोटात दडविलेले लाकूड कुजते, आणि ते बाहेरून दिसतही नाही. अशी भिंत भर समुद्रात इंजिनासह निखळली तर माणसांचे काय होईल, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

सर्वच जुन्या होड्या अशा दुरुस्त कराव्यात असे मुळीच नाही. होडीत चालताना तळ सर्वत्र पायाखाली लवचत असेल, वाका तळापासून सुटल्या असतील किंवा निम्म्याहून अधिक चौकोन लाल झाले असतील, तर ती सोडून देणे शहाणपणाचे. या होडीचे लाल चौकोन एकूण चौकोनांच्या पंचमांशाहून कमी निघाले, म्हणून काम पुढे चालले.

कोरडेपणाची परीक्षा

बद्द भाग ग्राइंडरने खरवडून काढल्यावर लगेच थर चढविण्याचा मोह होतो. शिक्षकांनी तो आवरला, आणि या प्रकल्पाच्या यशाचे बरेचसे श्रेय त्या संयमाला आहे. खरवडलेल्या जागेवर पॉलिथीनचा हातभर चौकोन ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आतल्या बाजूस दवबिंदू जमलेले दिसले. होडी अजून ओली होती. हा प्रयोग दर तीन दिवसांनी केला गेला व त्याची नोंद भिंतीवरील तक्त्यावर होत गेली. पॉलिथीन पूर्ण कोरडे राहायला चोवीस दिवस लागले. होडीच्या मालकांच्या मुलाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटे व तो ते बोलूनही दाखवी. त्यालाही दोष देता येत नाही, कारण त्याच चोवीस दिवसांत खाडीत मासळी चांगली लागत होती.

शाळेच्या प्रयोगशाळेतील ओला व कोरडा असे दोन तापमापक पडवीत टांगले होते. सकाळी दव पडलेले असे. म्हणून रेझीनचे काम साधारण दहा वाजल्यानंतर, आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली आली की सुरू करावयाचे आणि संध्याकाळच्या दमटपणापूर्वी थर घट्ट व्हावा या बेताने तीनच्या आत थांबवावयाचे, असा क्रम ठरला. मॅट व रोविंग यांच्या गुंडाळ्या आदल्या दिवशी उन्हात ठेवून मग पिशवीत बंद केल्या जात.

गणिताचा तास

जुन्या फायबरवर नवा थर रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, तो केवळ चिकटून राहतो. म्हणून चिकटण्यासाठी जागा जितकी अधिक तितके ठिगळ भरवशाचे. भोकाच्या कडा उतरत्या घासून घ्यावयाच्या आणि उताराची लांबी जाडीच्या बारापट ठेवावयाची, असा प्रघात आहे. होडीच्या तळाची जाडी ६ मिलिमीटर. १२ ने गुणले की ७२ मिलिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाच्या भोकासाठी दोन्ही बाजूंचा उतार धरून २४.४ सेंटिमीटर व्यासाचे ठिगळ लागते. भोक लहान आणि ठिगळ एवढे मोठे कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला. ऑगस्टमधील ठिगळ भोकापेक्षा जेमतेम चार बोटे मोठे होते, हे उत्तर त्यांच्यासमोरच पडलेले होते.

दुसरे गणित मालाचे. बाजारात मिळणाऱ्या एका मॅटचे वजन दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम असते. हाताने काम करताना तिला वजनाच्या सुमारे सव्वादोनपट रेझीन लागते, म्हणजे जवळजवळ एक किलो. दोहोंचे मिळून वजन सुमारे १.४५ किलो. तयार फायबरची घनता पाण्याच्या दीडपट धरली तर या थराची जाडी बरोबर एक मिलिमीटरच्या आसपास येते. तेव्हा सहा मिलिमीटर जाडीसाठी सहा थर. रेझीन अधिक ओतले म्हणजे होडी अधिक बळकट होते, ही समजूत अगदी चुकीची आहे; बळ तंतूंचे असते, जादा रेझीन केवळ वजन वाढविते व तडकते.

तिसरे मोजमाप हार्डनरचे, आणि येथे हयगय चालत नाही. रेझीनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. हिवाळ्यातील दुपारी दीड टक्का पुरेसा होतो. एक टक्क्याहून कमी घातले तर थर कधीच पूर्ण घट्ट होत नाही; जास्त घातले तर इतकी उष्णता निर्माण होते की डबाच धुमसू लागतो. म्हणून एका वेळी दोन-तीन थरच चढवावेत व ते निवू द्यावेत.

काही रेझीनांत कोबाल्ट हा प्रवेगक वेगळा मिसळावा लागतो. कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट रेझीनमध्ये नीट ढवळून झाल्यावरच हार्डनर घालावयाचा, आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवावयाच्या. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेले रेझीन घ्यावे, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. रेझीनची वाफ डोके जड करते, ॲसिटोन पेट घेते आणि घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला खाज आणते, फुफ्फुसांना तर ती सर्वस्वी वर्ज्यच. यास्तव या शाळेत रेझीन व ग्राइंडरचे काम फक्त प्रौढ माजी विद्यार्थी व शिक्षक यांनी मुखवटे, चष्मे व हातमोजे घालून केले. शाळकरी मुलांकडे हातोडीची तपासणी, नकाशा, तापमापकांच्या नोंदी, वजने व हिशेब एवढेच होते. कामातून शिक्षण हे तत्त्व आपल्या राज्याला नवे नाही. पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हापासून गावाला लागणारी खरी कामे शाळेतून करून घेण्याची वाट रुळलेली आहे. परंतु खरे काम म्हणजे मुलांच्या हाती धोकादायक काम नव्हे, ही मर्यादा शिक्षकांनी कटाक्षाने पाळावी.

मागची भिंत

सर्वांत कष्टाचे काम मागच्या भिंतीचे निघाले. आतल्या बाजूचा फायबर थर कापून कुजलेले लाकूड छिन्नीने व अखेरीस चमच्याने उकरून काढावे लागले. त्या जागी आयएस ७१० मानकाचे सागरी प्लायवूड, १८ मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून, बसविले. त्याच्या सर्व कडा रेझीनने आधी मुरवून घेतल्या आणि कापलेला थर नव्या रोविंगने पुन्हा बंद केला. बोल्टांची भोके पाडताना एक युक्ती उपयोगी पडली. भोक आधी हवे त्याहून बरेच मोठे पाडले, ते रेझीन व काचतंतूंच्या लगद्याने भरून घट्ट होऊ दिले व मग त्या लगद्यात बोल्टाच्या मापाचे भोक पाडले. आता पाणी आले तरी ते प्लायवूडपर्यंत पोचत नाही. ज्या चुकीने मूळची भिंत कुजली ती पुन्हा होऊ नये, यासाठी एवढा उपद्व्याप.

बुडालेली होडी तरंगावी कशी

लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा तळाला जात नाही. तिला धरून माणसे तासन् तास राहिल्याच्या हकीकती प्रत्येक कोळीवाड्यात ऐकायला मिळतात. फायबर मात्र पाण्याहून जड. होडी भरली की इंजिनासह सरळ खाली जाते. यासाठी बैठकांखाली हवाबंद पेट्या ठेवलेल्या असतात. या होडीच्या चारपैकी दोन पेट्या उघडल्या तेव्हा त्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या निघाल्या. पोकळ पेटीला एक भेग गेली की तिचा उपयोग संपला. म्हणून पेटीत न भिजणारा फोम भरणे हाच खरा उपाय.

किती फोम लागेल? होडीचे वजन सुमारे ३०० किलो. घनता दीडपट, म्हणून ती २०० लिटर पाणी बाजूला सारते व पाण्यात तिचे वजन १०० किलो भरते. इंजिन ४० किलो, जाळी व नांगर ३० किलो. काठाला धरून अर्धवट पाण्यात असलेल्या तीन माणसांसाठी प्रत्येकी ३० किलो. बेरीज २६० किलो. एक लिटर फोम साधारण एक किलो भार पेलतो. थोडी सवड ठेवून ३०० लिटर फोम ठरला.

यात एक फजिती झाली, तीही नोंदविणे योग्य. गावात थर्माकोल सहज व स्वस्त मिळतो. मासळीच्या खोक्यांचाच होता. तो कापून पेटीत बसविला व वर रेझीन-मॅटचा थर द्यायला घेतला. रेझीनचा ब्रश लागताच थर्माकोल मिठासारखा विरघळून बसू लागला आणि पाहता पाहता पेटीत पोकळी झाली. रेझीनमध्ये स्टायरीन हे द्रव्य असते आणि थर्माकोल त्याच जातीच्या द्रव्यापासून बनतो. एकाने दुसऱ्याला विरघळविले. बर्फाच्या पेट्यांत जो पिवळसर पफ भरलेला असतो त्याला रेझीन काही करीत नाही. तो आणला व काम पुरे झाले. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्या दिवशी दहावीचा तास पडवीतच घेतला.

उधाणाची भरती

जेलकोट चढवून व नोंदणी क्रमांक पूर्वीच्या जागी रंगवून, २४ फेब्रुवारी २०२४ च्या माघी पौर्णिमेच्या उधाणाला होडी खाडीत उतरविण्याचे ठरले. त्यापूर्वी दोन दिवस आधी कमरभर पाण्यात तिची परीक्षा झाली. इंजिनाच्या जागी ४० किलो वाळूची पोती बांधली, होडी बादल्यांनी काठोकाठ भरली व तीन तरुण तिला धरून पाण्यात राहिले. होडी बुडाली नाही, पण मागची बाजू खाली गेली आणि नाळ वर उचलली गेली. इंजिनाचा भार मागे आणि फोम बहुतेक मध्ये, असे झाले होते. मधल्या बैठकीखालचा काही पफ काढून मागच्या दोन कोपऱ्यांत, काठाच्या जवळ उंचावर बसविला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच परीक्षा. या वेळी होडी सपाट राहिली व तिचा काठ पाण्याच्या चार बोटे वर राहिला. वृद्ध तांडेलांनी स्वतः कमरभर पाण्यात उतरून मागच्या कोपऱ्यावर सारे वजन टाकून पाहिले, मग दुसऱ्या कोपऱ्यावर.

संपूर्ण कामाला सुमारे २४ किलो मॅट व रोविंग आणि ५५ किलो रेझीन लागले. उरलेली काचेची धूळ व कापलेले तुकडे पोत्यांत बंद करून ठेवले. ते जाळावयाचे नाहीत हे मुलांना बजावले होते, कारण फायबर जळताना निघणारा काळा धूर घातक असतो आणि काच तशीच मागे राहते. लाकडी होडी अखेर चुलीत जाते. फायबरची होडी कोठेच जात नाही. ती बंदराच्या कडेला, खारफुटीत, पंचायतीच्या जागेत पडून राहते. म्हणून पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील अशा होड्यांची मोजदाद करावी, आणि हातोडी व खडू घेऊन कोणती उठविण्याजोगी आहे हे आधी पाहावे, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी रेझीनचा एक थेंबही खर्चावा लागत नाही.

होडीसोबत मालकांना एक वही दिली आहे. तिच्यात तपासणीचा नकाशा, प्रत्येक ठिगळाची जागा, चढविलेले थर, त्या दिवशीचे तापमान व आर्द्रता यांच्या नोंदी आहेत. शेवटची काही पाने कोरी आहेत. दरवर्षी मे महिन्यात होडी वर ओढली की त्याच चौकोनांवर पुन्हा हातोडी चालवावयाची व आवाज कसा आला ते त्यांत लिहावयाचे. मे २०२४ ची नोंद तांडेलांच्या मुलाने स्वतःच्या हाताने केली आहे. मागच्या भिंतीचे सर्व चौकोन खणखणीत. तळाच्या मधल्या पट्ट्यात एक चौकोन संशयास्पद, पुन्हा पाहणे.